ड्रायव्हर शेवटी उतरतो

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये माझ्या ऑफिसच्या वाटेवर एक रेल्वे क्रॉसिंग आहे. सकाळी तिथं माझ्या पुढे पिवळी स्कूल बस आली की मला उशीर होतो. फाटक उघडं असतं, लाल दिवा लागलेला नसतो, तरी बस थांबते. ड्रायव्हर दार उघडतो, दोन्हीकडे बघतो, कान देऊन ऐकतो, दार लावतो आणि मग रूळ ओलांडतो. नियमच तसा आहे. मागच्या गाड्या वैतागतात. मी वैतागत नाही. जिथं रूळच नाहीत अशा ठिकाणी थांबून ऐकणाऱ्या एका बाईंकडे मी जवळपास वर्षभर राहिले आहे.

ही गोष्ट हवाईतल्या मोठ्या बेटावरची. ज्वालामुखीच्या उतारावर आमची विखुरलेली वस्ती होती. वस्तीकडे येणाऱ्या रस्त्यावरून फार पूर्वी लाव्हा वाहून गेला होता. तो गार झाल्यावर त्याच्यावरूनच पुन्हा रस्ता केला. दोन्ही बाजूंना काळा, सुरकुतलेला दगड, आणि मधून डांबर. त्या जागी आल्यावर बाई पिकअप थांबवायच्या. काच खाली करायच्या, दार उघडायच्या, डावीकडे बघायच्या, उजवीकडे बघायच्या, ऐकायच्या. मग दार लावून पुढे निघायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, गाडीत काहीतरी बिघाड आहे. तसं मी विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही.

काही दिवसांनी त्याच म्हणाल्या, "कुठून ना कुठून काहीतरी येतंच. ऐकून घ्यायला काय जातं?"

बाईंनी मिशिगनमधल्या ट्रॉयला कित्येक वर्षं स्कूल बस चालवली होती. त्यांचे यजमान तिथं गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होते. ओळखीतल्या बाकीच्या बायका बँकेत, नाहीतर कॉम्प्युटरवर. "ते सगळे गाड्या डिझाइन करायचे," बाई सांगायच्या, "चालवायची मी." मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं, "वहिनी, तुम्ही काय करता?" तर यजमान घाईघाईने म्हणायचे, "स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये आहे." बाई तेवढ्याच घाईने म्हणायच्या, "बस चालवते."

त्यांना बाई म्हणायचं हे एअरपोर्टवरच ठरलं. मी बॅग ओढत बाहेर आले आणि "नमस्कार काकू" म्हटलं.

"काका कुठे दिसतोय तुला? काकू म्हणायला काका लागतो. आमचा गेला."

मी घाबरून "सॉरी, मावशी" म्हटलं.

"तुझ्या आईला विचारलंस का?"

मी बॅग उचलून पिकअपमध्ये ठेवली.

"बाई म्हण," त्या म्हणाल्या. "सीटबेल्ट लाव."

वस्तीतले सगळेच त्यांना बाई म्हणायचे. ते त्यांचं नावच आहे अशी लोकांची समजूत होती, आणि बाईंनी ती कधी दूर केली नाही.

मी तिथं कशी पोचले ते सांगायला हवं. मी पुण्याची. इंग्लिश मीडियममध्ये शिकले, मग अमेरिकेत येऊन पर्यावरणाची मास्टर्स केली आणि नोकरी मिळाली नाही. व्हिसाच्या नियमाप्रमाणे शिक्षण संपल्यावर कुठंतरी काम करत असणं भाग होतं, बिनपगारी चालत होतं. नोकऱ्या शोधता शोधता या वस्तीत स्वयंसेवक हवेत असं वाचलं. काम पाण्याचं होतं, म्हणजे माझ्या विषयाचं. मी आईला फोन केला.

"ज्वालामुखी," आई म्हणाली. "म्हणजे विझलेला ना?"

"नाही."

आईने नातेवाइकांना सांगितलं की मी रिसर्च करते आहे.

तिथल्या घरांना नळाचं पाणी येत नाही. पावसाचं पाणी पत्र्याच्या छपरावरून पन्हळीत येतं, पन्हळीतून एका जाड नळीने अंगणातल्या टाकीत. वर्षभर तेच वापरायचं. ज्वालामुखी अधूनमधून कारंज्यासारखा उसळतो आणि गप्प होतो. लाव्हा वरच्या खड्ड्यातच राहतो, पण वारा फिरला की राख आणि काळी हलकी खडी वस्तीवर येऊन पडते. उडत्या लाव्हाचे धागे गोठून झालेले काचेचे सोनेरी केससुद्धा येतात. दिसतात सुंदर, हाताला लागले की बोटात घुसतात. हे सगळं छपरावर पडलं आणि वरून पाऊस आला की टाकीत. म्हणून राख दिसली की सगळ्यात आधी टाकीची नळी काढून टाकायची. आमच्या कामाचं सार एवढंच होतं. उरलेले दिवस टाक्या घासणं, पाणी तपासणं आणि नळ्या आवळून धरणाऱ्या पकडी गंजल्या नाहीत ना ते बघणं.

राख आली की बाई फोन करायच्या. पलीकडून "हॅलो" आलं की एकच शब्द बोलायच्या, "नळी," आणि फोन ठेवायच्या. फिलिपिनो आजी, कॅलिफोर्नियातून आलेलं लांब केसांचं जोडपं, निवृत्त पोस्टमन, सगळ्यांना तो शब्द पाठ होता. लांब केसांच्या जोडप्याने मला एकदा विचारलं की नळी हा संस्कृत मंत्र आहे का. बाई शेजारीच होत्या. त्यांनी मान हलवली. ती होकारार्थी होती.

बाकीचे स्वयंसेवक येत-जात असायचे. बरेचसे स्वतःचा शोध घ्यायला आलेले असायचे आणि तसं पहिल्याच जेवणात सांगायचे. बाई ऐकून घ्यायच्या, मग मला मराठीत म्हणायच्या, "याला ब्रश दे." रिकाम्या टाकीत उतरून शेवाळ घासताना त्यांना काय सापडायचं ते कळायला मार्ग नव्हता, पण संध्याकाळी ते कमी बोलायचे.

मी आधीपासूनच कमी बोलायचे. बाईंना त्याचं काही वाटत नव्हतं. "बसमध्ये अशी मुलं असतात," त्या म्हणाल्या होत्या. "स्टॉप येईपर्यंत तोंड उघडत नाहीत. उतरताना थँक यू म्हणतात आणि डबा सीटवर विसरतात." माझी पाण्याची बाटली त्या वेळी गाडीतच राहिलेली होती.

गाडीत बसलं की त्या मागे वळून डोकी मोजायच्या. मी एकटी असले तरी. "एक," म्हणायच्या आणि चावी फिरवायच्या. सीटच्या मागे त्यांची एक निळी बॅग कायम ठेवलेली असायची. कपडे, औषधं, पासपोर्ट आणि छोटा कुकर. कधी सगळं सोडून निघावं लागलं तर शोधाशोध नको म्हणून. पिकअप अंगणात कायम रस्त्याकडे तोंड करून उभी असायची. इतकी तयारी असलेला माणूस इतका निवांत झोपताना मी पाहिलेला नाही.

इथं कशाला आलात, असं मी त्यांना एकदाच विचारलं. यजमान असताना दोघं ज्वालामुखी बघायला आले होते. यजमान गंधकाच्या वासाने गाडीतच बसून राहिले. बाई कठड्याशी उभ्या राहिल्या. "ट्रॉयमध्ये सगळं होऊन गेलेलं," त्या म्हणाल्या. "लॉन झालं, ड्राइव्हवे झाला, मुलाचं लग्न झालं. इथली जमीन अजून व्हायची आहे." यजमान गेल्यावर त्यांनी ट्रॉयचं घर विकलं आणि सहा महिन्यांत इथं आल्या.

मुलगा तेव्हापासून नाराज होता. तो न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहायचा, औषधांच्या कंपनीत क्वालिटीचं बघायचा. दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. मी यायच्या थोडं आधी बाई एका टाकीच्या शिडीवरून पडल्या होत्या आणि त्यांचं मनगट मोडलं होतं. मुलाला त्यांनी सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. शिडी म्हटलं असतं तर तो लगेच निघून आला असता. बाथरूम म्हटल्यामुळे त्याने वेगळंच केलं.

"आई, बेसमेंट फिनिश केलंय," त्याने एका रविवारी सांगितलं. फोन भिंतीला टेकवून ठेवला होता, बाई तांदूळ निवडत होत्या. "तुझ्यासाठी. सेपरेट बाथरूम. धरायला ग्रॅब बार्स, वॉक-इन शॉवर, नॉन-स्लिप टाइल्स. सगळं."

"खिडकी?"

"आई, बेसमेंट आहे."

"ऐकायला काय येतं तिथं?"

"आय डोन्ट नो. हीटिंगचा फर्नेस."

बाई तांदूळ निवडत राहिल्या.

पुढच्या महिन्यात तो आला. आठवड्यासाठी. परतीची तिकिटं त्याने दोन काढली होती, आणि ते त्याने आल्याआल्या सांगून टाकलं. पन्नाशीला टेकलेला, टक्कल पडलेला, आईसारखंच सावकाश वळून बघणारा माणूस. बाई त्याला सोन्या म्हणायच्या. माझ्याशी तो बरंचसं इंग्लिशमध्ये, फार नम्रपणे बोलायचा.

"शी'ज सेव्हंटी-फोर," तो मला म्हणाला. "इथे शी'ज ऑल अलोन. तू पण जाशील एक दिवस. राइट?"

ते खरं होतं. मी मान हलवली.

बाईंनी भांडण केलं नाही, नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. फक्त त्या आठवड्यात घर फार झाडायला लागल्या. मला ते बरं लक्षण वाटलं नाही. एकदा मला म्हणाल्या, "त्याने फरशीसुद्धा माझ्यासाठी निवडून बसवली आहे. अशा मुलाला नाही कसं म्हणतात, ते मला येत नाही." मग झाडू घेऊन ओसरीवर गेल्या.

शेजाऱ्याबद्दल इथं सांगून ठेवते. बाईंच्या लगतच्या घरात एक म्हातारा होता, जन्मापासून त्याच बेटावरचा, एकटा, आणि त्याचे भरपूर कोंबडे. तो आपली नळी कधीच काढायचा नाही. "माझा आजा हेच पाणी प्यायला, नव्वदीत गेला," असं म्हणायचा. मागे एकदा राख पडत असताना तो घरी नव्हता, म्हणून बाईंनी त्याच्या अंगणात शिरून त्याची नळी काढली होती. तो परत आला, त्याने नळी पुन्हा लावली आणि फाटकावर पाटी ठोकली. पाटीवर रंगाने लिहिलं होतं, 'नो बाई'. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. बाई मात्र राख आली की त्याच्या फाटकाशी गाडी थांबवून दोनदा हॉर्न द्यायच्या आणि पुढे जायच्या.

"पोरगं दाराबाहेर आलं नाही तरी हॉर्न द्यायचा," त्या म्हणायच्या. "बस आलीच नाही, असं नंतर कोणी म्हणायला नको."

मुलगा जायच्या तीन-चार दिवस आधी, सकाळी, वारा फिरला. पत्र्यावर कोणी वरून रवा ओतावा तसा आवाज सुरू झाला. मी ओसरीवर आले तर कठड्यावर काळे दाणे उड्या मारत होते. बाई फोनवर होत्या. "नळी." ठेवला. "नळी." ठेवला. फिलिपिनो आजी आणि पोस्टमन यांना शिडीवर चढता येत नाही, त्यांच्याकडे आणि आणखी काही घरी आम्ही स्वतः जायचो. मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता, कानात हेडफोन.

"चल," बाई त्याला म्हणाल्या.

"आई, आय हॅव अ मीटिंग."

"बस सुटतेय."

कानातला हेडफोन न काढता तो उठला. पन्नाशीच्या माणसाला तसं उठताना बघायला नको होतं असं मला वाटलं. मी मास्क आणि चष्मे घेतले. बाईंनी मागे वळून डोकी मोजली. "दोन," म्हणाल्या आणि गाडी सुरू केली. फाटकाबाहेर पडल्यावर शेजाऱ्याच्या पाटीसमोर दोनदा हॉर्न दिला.

"हा कोण?" मुलाने विचारलं.

"कोणी नाही."

मग एकेक घर. बाई गाडीत बसून काचेतून सूचना द्यायच्या, मुलगा शिडीवर चढायचा, मी खाली शिडी धरायचे. पहिल्या घरी त्याला पकड सापडेना. तिसऱ्या घरापर्यंत तो पकड ढिली करून नळी एका हाताने वळवायला लागला होता. फिलिपिनो आजींनी त्याला विचारलं, "बाईचा मुलगा?" आणि उत्तराची वाट न बघता खिशात केळी कोंबली.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आई, तू एकदाही शिडीवर का नाही चढलीस?"

"डॉक्टर नको म्हणाले."

"बाथरूममध्ये पडल्यावर शिडी का नको म्हणतील?"

बाईंनी वायपर लावले. काचेवरची खडी कर्रकर्र करत बाजूला गेली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"ओह माय गॉड," मुलगा म्हणाला. "मी ग्रॅब बार्स बसवले."

"चांगले असतात ते," बाई म्हणाल्या. "तुलाही लागतील."

पोस्टमनचं घर शेवटचं होतं. तिथून निघालो तेव्हा रस्ता पूर्ण काळा झाला होता आणि पावसाचं लक्षण दिसत होतं. मुलगा मास्कवरची राख झटकत होता. मग त्याने सावकाश विचारलं, "आपली नळी कधी काढली?"

"आता जाऊन काढायची."

"म्हणजे इतका वेळ ती लागलेलीच आहे?"

"आपलं घर शेवटी. ड्रायव्हर शेवटी उतरतो."

"आई, धिस इज नॉट अ बस." त्याचा आवाज चढला नव्हता, पण सोन्यापणा गेला होता. "तू सगळ्यांच्या दारात हॉर्न देतेस. तुझ्या दारात कोण देतं? तू त्या शिडीवरून पडलीस तेव्हा किती वेळ पडून होतीस?"

बाईंनी गाडी थोडी जोरात घेतली. काचेवर पावसाचे थेंब पडायला लागले. टाकीत काय जाणार ते आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि माझ्या मते त्या वेळी दुसरं तिकीट नक्की झालं होतं.

अंगणात शिरलो तर आमच्या टाकीला शिडी लावलेली, आणि शिडीवर कोंबडेवाला म्हातारा. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, हातात करवत. नळी मधोमध कापून खाली टाकलेली. टाकीच्या तोंडावर ताडपत्री, तिच्यावर दगड.

बाई गाडीतून उतरल्या. त्यांनी नळीचे दोन तुकडे बघितले.

"करवत?" त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या. "नळी करवतीने काढतात का?"

"तुझी पकड गंजली आहे," म्हातारा वरून म्हणाला. "हलेना."

बाई दर महिन्याला सगळ्यांच्या पकडी तपासायच्या. आपली शेवटी. ती राहून गेली होती.

"माझ्या अंगणात कोणी यायला सांगितलं?"

"हॉर्न ऐकला. तू रस्त्यावर आहेस म्हणजे तुझं राहिलंय, एवढं मला समजतं. दर वेळी येऊन बघून जातो."

"दर वेळी?"

"दर वेळी. तू वेळेत येतेस. आज आली नाहीस." त्याने शिडीवरून एकेक पाय खाली टाकला. मुलाने जाऊन शिडी धरली. "शिडीवरून पडलीस तेव्हा दवाखान्यात कोणी नेलं होतं, विसरलीस काय?"

मुलाने आईकडे बघितलं.

"तेव्हा आम्ही बोलत होतो," बाई म्हणाल्या. मग म्हाताऱ्याकडे वळल्या. "आणि तुझी नळी?"

"मी माझी काढत नाही."

"मूर्ख माणूस," बाई मराठीत म्हणाल्या आणि घरात गेल्या. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्याला गरम चहाचा कप दिला. अजूनही त्यांच्या चेहऱ्यावर राग होता. तो तिथंच पावसात उभा राहून चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी मुलाने छप्पर धुतलं. त्याच्या पुढच्या दिवशी त्याने शहरातून नवी नळी आणि स्टीलची पकड आणली आणि सबंध दुपार ती बसवली. बेसमेंटचा विषय त्याने काढला नाही, तिकिटाचाही नाही. बाईंनी विचारलं नाही. त्यांचं झाडणं चालूच होतं. जायच्या सकाळी मी गाडीत मागे बसले. निळी बॅग तिथंच होती. ती कायमच तिथं असते, त्यामुळे तिच्याकडे बघून मला काहीच कळेना. मुलाची बॅग तिच्या शेजारी ठेवली होती.

गाडी मुलाने चालवायला घेतली. बाई पुढे त्याच्या शेजारी बसल्या, पदराच्या टोकाने चष्मा पुसत. साडी त्या फक्त प्रवासाला नेसायच्या, किंवा कोणाला पोचवायला.

त्या काळ्या दगडांच्या जागी आल्यावर मुलाने गाडी थांबवली. काच खाली केली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बाईंनी मागे कधीतरी सांगितलेलं मला तेव्हा आठवलं, की ट्रॉयला तो रोज त्यांच्याच बसने शाळेत जायचा.

"दार उघडायचं असतं," बाई म्हणाल्या.

त्याने दार उघडलं. आम्ही तिघं ऐकत राहिलो. वारा होता, बाकी काही नव्हतं. त्याने दार लावलं.

एअरपोर्टवर त्याने मागचं दार उघडून एकच बॅग बाहेर काढली. निळी बॅग सरळ करून ठेवली, पडू नये म्हणून तिला सीटबेल्ट लावला. मग आईच्या पाया पडला. "संडेला कॉल करतो," म्हणाला. "शिडीवर जाऊ नकोस."

"नाही जात."

"आई."

"नाही जात म्हटलं ना. ही जाईल."

म्हणजे मी. मी मान हलवली.

परत येताना बाईंनी गाडी घेतली. मागे वळून मोजलं. "एक," म्हणाल्या. त्या जागी आल्यावर थांबल्या, काच खाली केली, दार उघडलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. मागून एक गाडी आली, थोडी थांबली, बाजूने निघून गेली.

त्या ऐकण्याबद्दल वर्षभरात मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "बाई, काही ऐकू येतंय?"

"विमान," त्या म्हणाल्या. अजून थोडं ऐकलं. "गेलं."

मग त्यांनी दार लावलं.